चिठ्ठ्या धुऊन गेलेले तीन डबे

साखर कारखान्यात विमान होतं असं सांगितलं की लोक आजही माझ्याकडे संशयाने बघतात. पण आमच्याकडे होतं. नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, उसाच्या पट्ट्यात, एक खाजगी कारखाना होता. त्याच्या मालकांना उडण्याचा नाद. युद्ध संपल्यावर मोडीत निघालेल्या एका फ्लाइंग क्लबचं जुनं विमान त्यांनी उचलून आणलं. दोन बैठका, एकावर एक असे दोन पंख, लाकडी सांगाडा आणि वरून ताणलेलं कापड. ते साखरेच्या जुन्या गोदामात राहायचं. गोदामामागची जमीन रुळाने दाबून आणि कडेने चुना फासलेले दगड मांडून धावपट्टी केली होती. उडायच्या आधी तिच्यावरच्या मेंढ्या हाकलाव्या लागत.

त्या विमानाचा मिस्तरी मी. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलो, मिशनच्या कामशाळेत हत्यारं धरायला शिकलो आणि युद्धाची चार वर्षं हवाई दलाच्या वर्कशॉपमध्ये काढली. परत येताना पान्यांची एक पेटी आणली आणि तिच्याहून जड असा ताठा आणला. कारखान्यात शंभर माणसं यंत्रांवर राबत होती, पण मी विमानाचा माणूस होतो. जेवायलासुद्धा मी त्यांच्यात बसत नसे. आता आठवलं की लाज वाटते.

एवढा ताठा असून एक गोष्ट माझ्याजवळ नव्हती. विमानावर केलेलं प्रत्येक काम एका वहीत लिहावं लागतं आणि खाली परवाना असलेल्या माणसाची सही लागते. माझ्याकडे परवाना नव्हता. दर महिन्याला पुण्याहून एक इंजिनियर यायचे, अर्धा तास माझं काम बघायचे आणि सही करून चहा घ्यायचे. काम माझं, नाव त्यांचं. माझी आई मिशनच्या शाळेत मास्तरीण होती. तिने शेकडो पोरांना पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकवलं होतं. मी नगरला गेलो की भाकरी वाढताना ती हमखास विचारायची, "वहीत तुझं नाव आलं का रे?" मी म्हणायचो, येईल. ती म्हणायची, बरं.

आणि मग ते नाव यायची वेळ आली. विमानाचं वर्षाचं प्रमाणपत्र नवं करायला सरकारी परीक्षक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. मालकांनी त्यांना माझ्याविषयी लिहिलं होतं. माझं काम पाहून परीक्षकांनी शिफारस केली, तर मला परवान्याच्या परीक्षेला बसता येणार होतं. शिफारस मिळाली नाही, तर जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली काम. मला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतसुद्धा मी सह्या करत असेन.

आता वंगणाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लोकांना वाटतं, ग्रीस म्हणजे ग्रीस. तसं नाही. आमच्या विमानाला तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं ग्रीस लागायचं. इंजिनाच्या डोक्यावर झडपा उघडणाऱ्या दांड्या असतात. तिथे भयंकर उष्णता, म्हणून न वितळणारं ग्रीस हवं. चाकं चिखलापाण्यातून धावतात, म्हणून तिथे पाण्याला दाद न देणारं हवं. आणि शेपटीपंखांच्या बिजागऱ्या नि तारांच्या कप्प्या, त्यांना वरच्या थंड हवेतही घट्ट न होणारं, अगदी मऊ हवं. एकाची जागा दुसऱ्याला दिली की कधी ना कधी दगा होतो.

हे मला ठाऊक होतं, पण कसं? फौजेत प्रत्येक डब्यावर आकडा असायचा. पुस्तकात बघायचं, आकडा सांगायचा, भांडारातून डबा आणायचा. मला आकडे पाठ होते. ग्रीस मी ओळखत नव्हतो, आणि ओळखत नाही हेही मला ठाऊक नव्हतं. मालकांनी नगरच्या फौजी लिलावातून ग्रीसचे तीन डबे आणले. पहिल्याच वळवाच्या पावसाला गोदामाचं छप्पर गळलं आणि तिन्ही डब्यांवरच्या कागदी चिठ्ठ्या धुऊन गेल्या. राहिले तीन सारखे हिरवे डबे.

एकातलं ग्रीस मऊ आणि फिकट होतं. ते बिजागऱ्यांचं, हे कुणालाही कळलं असतं. उरलेली दोन्ही पिवळी. त्यातलं एक बोटाने उचललं की तार धरायचं, गुळाच्या पाकासारखं. दुसरं नुसतं लोण्यासारखं. मी ठरवलं की तार धरणारं ते उंची. मग ते दांड्यांनाही भरलं आणि चाकांनाही भरलं. लोण्यासारखा डबा बाकाखाली सरकवून दिला, बैलगाड्यांना होईल म्हणून.

त्या वेळी गोदामाच्या दारात मामा उभे होते. मामा म्हणजे कारखान्यातले जुने वंगणवाले. उसाच्या चरकाच्या प्रत्येक बेअरिंगला ते वीसेक वर्षं तेल-ग्रीस देत आले होते. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. साठीला टेकलेले, अक्षरओळख नाही, हाताच्या रेषांत काळं वंगण कायमचं मुरलेलं. ते म्हणाले, एक वाटी पाणी नि एक पळी आणा, कुठलं काय ते सांगतो. मी त्यांना म्हटलं की मामा, हा उसाचा चरक नाही. ते हसले आणि गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्याच भागात निघाली असावी.

भाद्रपदात पाऊस चांगला झाला. धावपट्टीवर डबकी साचली आणि मालक त्यातूनच विमान उडवत राहिले. चाकं पाण्यात भिजायची. मी वरून पुसून ठेवायचो.

दसऱ्याला कारखान्याला दोन दिवस सुट्टी असायची. विमान मी आरशासारखं करून ठेवलं आणि आईला भेटायला नगरला गेलो. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते हे मला माहीत होतं. पण तिथला एक रिवाज माहीत नव्हता. पूजेच्या आधी मामा प्रत्येक बेअरिंगमध्ये नवं ग्रीस दाबत, आणि जुनं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत थांबत नसत. जुनं बाहेर आल्याशिवाय हळदकुंकू लावायचं नाही. यंत्राला नवं अन्न घालायचं आणि मग हात जोडायचे. चरक झाले, पंप झाले, बॉयलरखान्यातला पंखा झाला. मग कुणीतरी म्हणालं, विमान राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी मी परत आलो आणि गोदामात पाऊल टाकलं. विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार. नाकावर हळदकुंकवाची बोटं. इथवर मला हसू आलं. मग इंजिनाचं झाकण उघडलं, आणि दांड्यांच्या सांध्यांवर ताजं, लोण्यासारखं ग्रीस चकाकत होतं. चरकाचं ग्रीस. इंजिन तापलं की वितळून वाहून जाणार आणि दांड्या कोरड्या पडणार. उद्या परीक्षक येणार आणि माझं सगळं मुसळ केरात.

तेवढ्यात मामा आले. धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका, हातात आपट्याची पानं. मला सोनं द्यायला आले होते. मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कुणाच्या परवानगीने हात लावला, हे काय गाडीचं चाक आहे, तुमच्या अडाणीपणापायी एखाद्याचा जीव जाईल, असं बरंच काही बोललो. चार माणसं दारात जमली. माझ्या आईच्या वयाच्या माणसाला मी त्यांच्यासमोर बोलत होतो. मामा पानं हातात धरून ऐकत राहिले. माझं संपल्यावर ते म्हणाले,

"वरचं माजं चुकलं आसंल, मिस्तरी. इंजिनाचं मला कळत न्हाई. पन खालचं तुमी बघा. चाकातनं दूध निगालंय."

एवढं बोलून त्यांनी आपट्याची पानं बाकावर ठेवली आणि ते गेले. पानांशेजारी चिंध्यांचा एक बोळा होता. चाकाचं जुनं ग्रीस त्यांनी त्यात पुसून मुद्दाम ठेवलं होतं. मी तो उलगडला. आत पिवळं काहीच नव्हतं. पांढरं, पातळ, ताकासारखं पाणी चिंधीला लागलं होतं.

मी जॅक लावून उजवं चाक काढलं. आसावर तांबूस गंजाचे डाग उठले होते. माझं उंची ग्रीस पाण्यात विरघळून गेलं होतं आणि चाक महिनाभर तसंच फिरत होतं. डावं काढलं, तेच. आणखी आठ-पंधरा दिवस गेले असते तर उतरताना एखादं चाक अडकलं असतं आणि विमान मालकांसकट नाकावर उलथलं असतं. मामांनी नवं दाबलं नसतं तर जुनं बाहेर आलंच नसतं. मी खाली जमिनीवर बसलो. 

दुपारभर मी काम केलं. दांड्यांचं मामांनी भरलेलं ग्रीस धुऊन काढलं, तार धरणारं भरलं. आसांचा गंज बारीक पॉलिश कागदाने घासला. डाग वरवरचे होते, मापात फरक पडला नव्हता. मग चाकात भरायला बाकाखालचा डबा ओढला आणि हात थांबला. हे तरी बरोबर कशावरून? आता डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता.

तेवढ्यात मालक आले. सकाळच्या आरडाओरड्याची बातमी बंगल्यापर्यंत गेली होती. त्यांनी विचारलं की म्हाताऱ्याने विमान बिघडवलं म्हणतात, खरं का? आणि वर म्हणाले की तसं असेल तर त्याला चरकावरून काढून फाटकावर बसवू, नाहीतरी वय झालंच आहे.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला मोह झाला. नुसतं गप्प बसलं की भागलं असतं. चाकं उघडी का, तर मामांनी घोळ केला म्हणून. कुणी विचारलं नसतं. दांड्यांचा घोळ त्यांनी केलाच होता. पण तो बोळा बाकावर पडला होता आणि शेजारी आपट्याची पानं होती. मी मालकांना बोळा दाखवला आणि सगळं सांगितलं. दांड्यांचं मामांचं चुकलं, ते रिवाजाने चुकलं. चाकांचं माझं चुकलं, ते माजोरीने. मालकांनी वाकून आसावरून बोट फिरवलं. त्या चाकांवर उडत होते तेच ना. मग म्हणाले की उद्या परीक्षकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण चाकं तर आता ठीक आहेत, हात दाखवून अवलक्षण कशाला?

ऊन उतरल्यावर मी पानं उचलली आणि कामगारांच्या चाळीत मामांच्या दारी गेलो. ते ओट्यावर बसले होते. पानं त्यांच्या हातात दिली आणि वाकून पाया पडलो. आमच्या घरी सोनं द्यायची रीत नाही, म्हणून काय बोलतात ते मला धड येत नव्हतं. मी म्हटलं, मामा, माझं चुकलं, मला ग्रीस ओळखता येत नाही.

मामा म्हणाले, "त्यात काय. वाटीभर पानी आना मनलं हुतं की."

घरातून त्यांनीच वाटी आणली, पळी आणली, आणि गोदामात येऊन मला शिकवलं. तळहातावर चिमूटभर ग्रीस आणि दोन थेंब पाणी घेऊन अंगठ्याने चोळायचं. तार धरणारं बघता बघता पांढरं झालं. लोण्यासारखं तसंच राहिलं, पाणी त्याच्यावरून मोत्यांसारखं निसटलं. मग पळीत घालून दिव्यावर धरायचं. लोण्यासारखं लगेच तेल होऊन वाहिलं. तार धरणारं जागचं हललं नाही. चरकावर सतत उसाचा रस गळतो, म्हणून तिथे पाण्याचं लागतं, हे मामा वीस वर्षं बोटांनी जाणत होते. पण विमानाचं डोकं एवढं तापतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "तवा आपन दोगं बी आरदं आरदंच." मग आम्ही दोघांनी मिळून चाकं भरली, जुनं पार बाहेर येईपर्यंत.

कामाची वही उघडून मी सगळं लिहून काढलं. चाकांना वंगण निवडण्यात माझी चूक झाली. ते पाण्यात विरघळून आसांना गंज चढला. खंडेनवमीला कारखान्यातल्या वंगणवाल्याने नवं ग्रीस भरल्यामुळे ही चूक उघडकीला आली. सहीची जागा रिकामी ठेवली. वही मिटली तेव्हा आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिला काय सांगायचं ते मला सुचेना.

परीक्षक दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आले. पारशी गृहस्थ, पन्नाशीचे, पांढरी पँट, आणि तिला डाग पडेल याची अजिबात फिकीर नाही. आल्याबरोबर त्यांनी आधी वही वाचली. चष्मा वर करून ते पान पुन्हा वाचलं. माझी पाचावर धारण बसली. ते वही ठेवून विमानाकडे वळले. सगळं विमान तपासलं. प्रत्येक तार ओढून बघितली. मग स्वतः चाक काढलं आणि नखाने आसावर आडवी उभी रेघ ओढून बघितली. शेवटी हात पुसत त्यांनी विचारलं की चिठ्ठ्या नसलेले डबे तुम्ही ओळखले कसे? मी चरकावरून मामांना बोलावून आणलं. त्यांनी वाटी-पळीचा तोच खेळ परीक्षकांसमोर केला. परीक्षकांनी स्वतःच्या तळहातावरही करून बघितला, आणि मामांना विचारलं की पाणी गरम घेतलं तर काय होतं? दोघांची चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. मी बाजूला उभा होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग परीक्षक माझ्याकडे वळले. आपल्या पारशी वळणाच्या मराठीत म्हणाले, "हे तू लिवला नसता तर मला समजला असता?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की आता चाचणीचं उड्डाण होईल आणि पुढच्या बैठकीत तू बसशील. ज्याने वंगण भरलं त्याने बसायचं, असा त्यांचा नियम होता. फौजेतल्या चार वर्षांत आणि इथेही मला कुणी विमानात बसवलं नव्हतं. मालक मागे बसले, मी पुढे. मेंढ्या हाकलल्या गेल्या. चाकं धावली, एकदा उसळली, आणि जमीन सुटली. खाली उसाचे हिरवे चौकोन, प्रवरेचं चकाकतं पात्र, कारखान्याची चिमणी, आणि गोदामापाशी पटक्याचा एक पांढरा ठिपका. मला बिजागऱ्या बघायच्या होत्या, इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. ते सगळं केलं. पण खरं सांगायचं तर मी लहान मुलासारखा हसत होतो आणि वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी कानांकडे पळत होतं. उतरताना चाकं टेकली ती दूध पिऊन झोपलेल्या पोरासारखी, आवाज न करता.

प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांनी शिफारसही लिहिली. मी मुंबईला जाऊन परीक्षा दिली आणि उन्हाळ्यात परवाना टपालाने आला. आईने तो भिंतीवर लावायचा हट्ट धरला. कामावर लागतो म्हणून मी दिला नाही, तेव्हा तिने माझं छापील नाव दोनदा मोठ्याने वाचलं आणि मगच परत दिला.

परवाना आल्यावरचं पहिलं काम वंगणाचंच निघालं. मामा आणि मी सकाळभर गोदामात होतो. आता बाकावर डबे ओळीने असत आणि त्यांच्यावर मामांनी सुचवलेल्या खुणा होत्या. एकावर ज्योत, एकावर पाण्याचा थेंब, एकावर पाखरू. त्या त्यांनाही वाचता येत आणि पावसाने जाणार नाहीत अशा रंगात काढल्या होत्या. काम संपल्यावर मी वही उघडली, केलेलं काम लिहिलं आणि खाली त्या वहीतली माझी पहिली सही केली.  मामा वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, हे तुमचं नाव? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, ब्येस दिसतंय.

मी वही त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, मामा, चाकं तुम्ही भरलीत. तुमचीही निशाणी हवी.

ते म्हणाले, "मला कुटं येतंय? आन शाईची डबी कुटाय?"

शाईची डबी नव्हतीच. मी त्यांचा अंगठा धरला, वंगणाने माखलेला होता तसाच, आणि माझ्या सहीच्या शेजारी टेकवला.

सरकारी वहीत असलं काही चालत नाही. पुढे पुण्याचे इंजिनियर ते पान बघून माझ्यावर बरेच रागावले. काही वर्षांनी मालकांनी विमान विकलं. नवीन मालकाला नवी वही लागली आणि जुनी मी मागून घेतली. माझ्या सहीची शाई आता विटकरी होऊन पुसट झाली आहे, नाव वाचायला चष्मा लागतो. अंगठा मात्र कागदात मुरला आहे. पान उजेडापुढे धरलं की तेवढ्या जागेतून उजेड आरपार येतो आणि मामांच्या अंगठ्याची रेघ न् रेघ दिसते.